एलएडीवर सर्कमफ्लेक्स चढून बसतेय? आकडा बदलण्याआधी एवढं बघा

कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या धमन्यांत डाय सोडून क्ष-किरणांवर अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) नव्याने आलेली मुलं-मुली दर दोन-चार दिवसांनी एकच तक्रार घेऊन येतात. "मॅडम, भिंतीवरच्या तक्त्यात आहे तोच अँगल लावला, आकडे जुळलेत, तरी दोन धमन्या एकमेकींवर पडतायत. आता कुठं फिरवू?" त्या दोन म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमन्या, एलएडी आणि सर्कमफ्लेक्स. उत्तर मिळायच्या आत हात सी-आर्मच्या (क्ष-किरणांची ट्यूब आणि डिटेक्टर धरणाऱ्या कमानीच्या) लिव्हरवर गेलेला असतो. पाच अंश इकडं, दहा अंश तिकडं, पुन्हा डाय (क्ष-किरणांत धमनी दिसावी म्हणून सोडायचं औषध), पुन्हा शूट (चित्रीकरण). तीन शूट वाया जातात आणि चौथा नशिबानं लागतो. पुढच्या रुग्णाला पुन्हा तेच. नशिबावर सोडण्यासारखं हे काम नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

तक्त्यातले आकडे चुकीचे नाहीत, पण ते सरासरी छातीचे आहेत. बेळगावात एका सकाळी आमच्या टेबलावर कोण कोण येतं बघा. निपाणीकडचे आजोबा, आयुष्यभर बिडी ओढून छाती पिंपासारखी फुगलेली. शहापूरच्या पेठेतले पोट सुटलेले शेठजी. खानापूरच्या वरच्या गावातली, पाठीत पार वाकलेली आजी. आजोबांचं हृदय उभं, लोंबल्यासारखं असतं. शेठजींचं पोटानं वर ढकलून आडवं झालेलं असतं. आजी तर टेबलावर सरळ झोपूच शकत नाही, एका कुशीवर कलते. स्क्रीनवरचा आकडा सी-आर्म टेबलाशी किती कललाय एवढंच सांगतो. आजी स्वतः दहा अंश उजवीकडं वळून पडली असेल तर ते त्या आकड्यात कुठंच येत नाही.

म्हणून आकडा ही सुरुवात समजा. तिथं थांबून चित्र बघा आणि नक्की काय बिघडलंय ते ठरवा. धमनीवर धमनी पडलीय, की धमनी आखूड दिसतेय, की वर पडदा आलाय, की डायच नीट भरला नाही? चारही तक्रारी एकाच वाक्यात येतात, "नीट दिसत नाही". उपाय मात्र चार आहेत.

दिशा पक्की आहे का?

हे विचारायला लाज वाटू देऊ नका, कारण रात्री दोनच्या इमर्जन्सीत अनुभवी हातसुद्धा उलटा फिरतो. आरएओ, एलएओ, क्रेनियल, कॉडल ही सगळी नावं चित्र टिपणाऱ्या वरच्या डिटेक्टरची आहेत, किरण सोडणाऱ्या टेबलाखालच्या ट्यूबची नाहीत. डिटेक्टर रुग्णाच्या उजव्या खांद्याकडं झुकला की आरएओ, डाव्याकडं झुकला की एलएओ, डोक्याकडं क्रेनियल, पायांकडं कॉडल. खालची ट्यूब नेमकी उलट बाजूला जाते आणि नवी मुलं ट्यूबकडं बघून फसतात.

चित्रावरूनही पडताळता येतं. मणका चित्रात डावीकडं असेल तर आरएओ, उजवीकडं असेल तर एलएओ. श्वासपटलाची करडी कमान हृदयावर चढलेली दिसली तर बहुधा क्रेनियल आहे. जुने शूट उघडून आकडा झाका आणि अँगल ओळखा. महिनाभर रोज दहा शूट असे बघितलेत की डोळा तयार होतो. माझा तसाच झाला.

१९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला हृदयतज्ज्ञ मेसन सोन्स यांच्या हातून उजव्या कोरोनरीत (हृदयाच्या उजव्या धमनीत) थेट डाय गेला आणि या तपासणीची वाट उघडली. त्या काळी ट्यूब आजच्यासारखी फिरत नव्हती, पाळण्यासारख्या टेबलावर रुग्णालाच कुशीवर वळवत. डोक्याकडं-पायांकडं झुकवायचे अँगल सत्तरच्या दशकात रुळले, आणि ते रुळले ते आजच्या याच तक्रारीमुळं: साध्या तिरक्या चित्रांत डाव्या बाजूच्या फांद्या एकमेकींवर पडत होत्या.

खांब आणि राजहंसगड

आता मुख्य मुद्दा. हा एकदा डोक्यात बसला की तक्ता नसला तरी अडत नाही.

येळ्ळूरच्या रस्त्याला शेताच्या बांधावर उभे राहा. समोर विजेचा खांब आहे आणि त्याच्या बरोबर मागं, लांब, राजहंसगड. खांबामुळं गडाचा बुरूज झाकलाय. चार पावलं डावीकडं सरका. खांब गडाच्या उजवीकडं गेला, बुरूज मोकळा झाला. उजवीकडं सरकलात तर खांब डावीकडं जाईल. झाडावर चढलात तर खांबाचं टोक गडाच्या खाली उतरेल. जवळची वस्तू आपल्या उलट दिशेनं सरकते, हे आपल्याला एसटीच्या खिडकीतून लहानपणापासून ठाऊक आहे.

छातीत एलएडी हा खांब आहे. ती हृदयाच्या पुढच्या अंगावरून, म्हणजे डिटेक्टरच्या जवळून धावते. सर्कमफ्लेक्स मागं वळते, म्हणजे ती गड. चित्रात रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडं असते, हे धरून चला:

डिटेक्टर आरएओकडं नेला, म्हणजे आपण चित्राच्या डावीकडं सरकलो. एलएडी उजवीकडं जाते, सर्कमफ्लेक्स डावीकडं. एलएओकडं नेला की उलट: एलएडी डावीकडं, सर्कमफ्लेक्स उजवीकडं मणक्याच्या अंगाला. क्रेनियल वाढवला, म्हणजे आपण वर चढलो. एलएडी खाली उतरते, सर्कमफ्लेक्स वर जाते. कॉडल वाढवला की एलएडी वर, सर्कमफ्लेक्स खाली.

एवढंच. आता तक्रारीकडं परत या. एपी (डावीकडं-उजवीकडं न झुकवता, सरळ समोरून) क्रेनियल लावलाय, ३० अंश, आणि एलएडीच्या सुरुवातीच्या भागावर सर्कमफ्लेक्स चढलीय. आंधळेपणानं फिरवू नका. क्रेनियल ३० वरून ३८-४० करा, एलएडी खाली सुटते. तेवढ्यानं भागलं नाही तर ५-१० अंश आरएओ द्या, ती उजवीकडं निघते. आरएओ कॉडलला सर्कमफ्लेक्स आणि ओएम (तिच्या फांद्या) बघायच्या आहेत पण वरून एलएडीची सावली येतेय, तर कॉडल वाढवा. दर वेळी स्वतःला विचारा: मला जवळची हलवायचीय की लांबची, आणि कुठल्या बाजूला? उत्तर तोंडानं मोठ्यानं म्हणा आणि मगच लिव्हरला हात लावा. आमच्या लॅबमधल्या मुलांना मी खरंच मोठ्यानं म्हणायला लावते. पहिल्या आठवड्यात त्यांना संकोच वाटतो, दुसऱ्या आठवड्यात शूट कमी लागतात.

डायगोनल (एलएडीच्या बाजूला फुटणाऱ्या फांद्या) आणि एलएडीचा गुंता वेगळा आहे. आरएओ क्रेनियलला सेप्टल (एलएडीच्याच, हृदयाच्या मधल्या भिंतीत शिरणाऱ्या फांद्या) सरळ खाली लोंबतात, त्यावरून एलएडी ओळखता येते, पण डायगोनलचं मूळ पुष्कळदा एलएडीवरच पडतं. तिथं आरएओ वाढवून काही होत नाही. सरळ एलएओ क्रेनियलला जा, ३५-४० आणि २५ च्या आसपास. तिथं एलएडी मधून उतरते, सेप्टल चित्राच्या डावीकडं जातात, डायगोनल उजवीकडं उघडतात.

श्वास

सगळ्यात जास्त वाया गेलेले शूट मी इथं बघितलेत, आणि त्यातले काही माझे स्वतःचे.

क्रेनियल चित्रात श्वासपटल हृदयावर चढतं. धमनीचा खालचा भाग करड्या पडद्यामागं जातो आणि मशीन तो पडदा भेदायला किरणांचा मारा वाढवतं. उपाय सोपा आहे, रुग्णानं खोल श्वास घेऊन रोखायचा. पटल खाली उतरतं, हृदय मोकळं होतं. शूटपुरते ५-६ सेकंद पुरतात.

काही वर्षांपूर्वी चिकोडीकडचे एक काका टेबलावर होते. एलएओ क्रेनियल लावला. मी म्हटलं, "काका, मोठा श्वास घ्या... रोखा." त्यांनी मान डोलावली. शूट घेतला, पडदा तसाच. पुन्हा सांगितलं, पुन्हा मान डोलली, पुन्हा पडदा. डॉक्टरांनी अँगल बदलायला सांगितला, मी बदलला, तिसरा शूटही वाया गेला. तेवढ्यात गोकाककडच्या आमच्या सिस्टरनं टेबलाजवळ येऊन सांगितलं, "अज्जा, जोर उसिरु तगोरी... हिडीरी." काकांची छाती भरली, पटल झपकन खाली गेलं आणि एलएडी टोकापर्यंत लख्ख दिसली. काकांना मराठी येत नव्हतं. समोरची बाई काहीतरी चांगलंच सांगत असणार म्हणून ते मान डोलावत होते. त्यांच्या अंगात तीन शूटचा डाय आणि किरण फुकट गेले, आणि ती चूक माझी होती.

सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगते: रुग्ण कुठल्या भाषेत बोलतो हे टेबलावर घ्यायच्या आधी विचारा. चार कानडी वाक्यं पाठ करा. 'उसिरु तगोरी', श्वास घ्या. 'हिडीरी', धरा. 'बिडरी', सोडा. 'कै म्याले माडरी', हात वर करा. कानडी मातृभाषेच्या सहकाऱ्यांनी तशीच मराठी शिकावीत. भाषेचे वाद बाहेर कितीही असोत, पडद्याआड गेलेली धमनी सगळ्यांची सारखीच.

आणि श्वासाची तालीम आधी करून घ्या, तोंडावर मास्क आणि अंगावर हिरवी चादर यायच्या आधी. काही जण श्वास रोखताना घसा आवळून पोटानं जोर लावतात, त्यानं पटल उलट वर येतं. "धरूलालोय की ताई!" असं ते म्हणतात आणि ते खरंही असतं, फक्त जोर खाली लागलेला असतो. त्यांना सांगा, "फुगा फुगवायच्या आधी घेता तसा घ्या आणि थांबा, कुंथू नका."

स्पायडर नावाच्या अँगलला नेमकं उलट. एलएओ ४५-५०, कॉडल ३०. इथं डिटेक्टर पायांकडून वर बघतो आणि लेफ्ट मेन (डाव्या बाजूची मूळ धमनी) जिथं एलएडी आणि सर्कमफ्लेक्समध्ये फुटते तो सांधा कोळ्याच्या पायांसारखा पसरलेला दिसतो. हृदय जेवढं आडवं तेवढा स्पायडर चांगला उघडतो, म्हणून इथं श्वास सोडून थांबायला सांगायचं. शेठजींचा स्पायडर पहिल्या फटक्यात येतो. आजोबांच्या उभ्या हृदयाला तो बऱ्याचदा येतच नाही, कितीही कललात तरी. तिथं हट्ट धरू नका. एपी कॉडल किंवा आरएओ कॉडलला तोच सांधा बघा आणि पुढं चला.

आखूड दिसणारी धमनी

उसाची कांडी आडवी धरा, फूटभर दिसते. डोळ्यासमोर टोकाकडून धरा, वाटोळा तुकडा दिसतो. धमनी किरणांच्या दिशेनं धावत असेल तर तिचं तसंच होतं. ओव्हरलॅप दिसतो तरी, हा दोष डोळ्याला दिसतच नाही, म्हणून मला याची भीती जास्त वाटते. चित्र सुंदर, धमनी मोकळी, कोणी हरकत घेत नाही, आणि अडथळा आहे त्यापेक्षा छोटा भासतो. मग २८ मिलिमीटरचा स्टेंट लागणार तिथं १८ चा निवडला जातो.

ओळखायची खूण: वळण असलेला भाग अचानक गडद आणि गोळा झालेला दिसतो, कारण तिथं किरण डायच्या लांब थरातून जातात. आणखी एक, दोन वेगळ्या अँगलमध्ये त्याच फांदीपासून त्याच फांदीपर्यंतचं अंतर ताडून बघा. जिथं ते जास्त येतं ते खऱ्याच्या जवळचं. एलएडीच्या मधल्या भागाला एपी क्रेनियल आणि आरएओ क्रेनियल बहुतेकदा लांब दाखवतात. स्पायडरमध्ये तोच भाग पार आखडतो, तिथं त्याची लांबी कधीच मोजू नका.

रुंदीचा अंदाज घेताना कॅथेटर (डाय सोडायची बारीक नळी) उपयोगी पडतो. ६ फ्रेंचचा कॅथेटर बाहेरून २ मिलिमीटर असतो, ५ फ्रेंचचा साधारण १.७. शेजारीच दिसतो, तुलना करा.

अडथळा एका बाजूनं चपटा असेल तर एका चित्रात धमनी ठीक दिसते आणि दुसऱ्यात दोऱ्याएवढी. प्रत्येक संशयित जागा एकमेकांशी जवळपास काटकोनात असलेल्या दोन दिशांनी बघितल्याशिवाय सोडायची नाही. डॉक्टर घाईत असले तरी आठवण करून द्या. टेक्निशियननं बोलायचं नाही असा समज काही ठिकाणी आहे. मला तो मान्य नाही.

उजवी कोरोनरी

तिचा गुंता कमी. एलएओ ४० ला इंग्रजी सी सारखी दिसते, सुरुवात आणि मधला भाग कळतो. आरएओ ३० ला मधला भाग काटकोनातून. शेवटी पीडीए (हृदयाच्या मागच्या-खालच्या अंगाची फांदी) आणि मागच्या फांद्या जिथं फुटतात तो सांधा एलएओला दुमडलेला दिसतो. तिथं एपी क्रेनियल किंवा हलका एलएओ देऊन २५-३० क्रेनियल, आणि पुन्हा तोच खोल श्वास.

अँगल निर्दोष असतो तेव्हा

कधी कधी पोरं अर्धा तास अँगलशी झगडतात आणि दोष भलतीकडंच असतो.

डाय हळू किंवा कमी गेला तर तो रक्तात पट्ट्यापट्ट्यांनी वाहतो आणि नसलेला अडथळा दिसतो, विशेषतः धमनीच्या तोंडाशी. थोडा डाय महाधमनीत उलटा सांडलेला दिसला तर तोंड नीट भरलं असं समजा. कॅथेटरचं टोक तोंडात खोल रुतलं असेल तर तोंडाशीच असलेला अडथळा कॅथेटरखाली झाकून जातो. लेफ्ट मेनच्या तोंडाचा संशय असेल तर सरळ एपी किंवा थोडा एलएओ क्रेनियल लावा आणि कॅथेटर जरा मागं असताना बघायला सांगा. आणि कॅथेटरच्या टोकाशी मोजलेल्या प्रेशरची स्क्रीनवरची लाट चपटी झाली तर अँगलचा विचार बाजूला ठेवून लगेच मोठ्यानं सांगा. त्या वेळी डाय मारायचा नाही, आधी कॅथेटर मागं घ्यायचा. उजव्या बाजूला कॅथेटर छोट्या कोनस फांदीत शिरला तर असंच होतं, आणि तिथं जोरानं मारलेला डाय रुग्णाला व्हीएफमध्ये (हृदयाच्या जीवघेण्या थरथरीत) ढकलू शकतो.

सावल्याही बघा. ईसीजीचं चिकटपॅड, ताईत, मंगळसूत्र. आपल्या भागात लिंगायत रुग्णांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडिगे (डबी) असते, ती छातीच्या मधोमध येते आणि क्रेनियलला नेमकी एलएडीवर काळा ठिपका पाडते. ती ओढून काढू नका, कात्री तर नकोच. आधी विचारा. बहुतेक जण स्वतःच खांद्याकडं सरकवतात किंवा डाव्या मुठीत धरतात. विचारण्यात अर्धं मिनिट जातं आणि रुग्ण निवांत होतो, निवांत रुग्णाचा श्वासही नीट येतो.

डावा लॅटरल (डाव्या कुशीकडून बघायचा अँगल) घेताना हात डोक्यावर गेलेत ना, तेही तपासा. बायपास झालेल्यांच्या छातीतली एलआयएमए (छातीच्या आतली डावी धमनी) एलएडीला जिथं जोडलीय ती जागा बघायला हाच अँगल कामाचा, आणि तिथं दंडाचं हाड आडवं आलं तर सगळं वाया.

किरणांचं गणित

जितका तीव्र अँगल तितकी जाड छाती किरणांना पार करावी लागते, तितका मारा वाढतो. एलएओ क्रेनियल आणि स्पायडर हे दोन त्यात महागडे. शिवाय एलएओला खालची ट्यूब रुग्णाच्या उजव्या बाजूला येते, म्हणजे जिथं डॉक्टर उभे असतात तिथंच, आणि विखुरलेले किरण ट्यूबच्या बाजूला जास्त उसळतात. लटकती शिशाची काच खाली ओढल्याशिवाय हे दोन शूट सुरू करू नका. डिटेक्टर छातीजवळ आणा, टेबल ट्यूबपासून वर घ्या, किरणांच्या झोताच्या कडा बंद करा.

अँगल शोधायचा तो फ्लोरोवर (कमी किरणांच्या चालत्या चित्रावर), दोनेक मिली डायच्या छोट्या पफनं. सिनेचा (जास्त किरणांच्या चित्रीकरणाचा) पेडल दाबून शोधू नका. मधुमेही रुग्ण, आधीच थकलेली मूत्रपिंडं, त्यांना एक फुकटचा शूटसुद्धा भारी पडतो.

शेवटची गोष्ट नोंदीची. अँजिओग्राफी एका दिवशी होते, अँजिओप्लास्टी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शिफ्टमध्ये, दुसऱ्या हातांनी. तुम्ही धडपडून शोधलेला अँगल त्यांना पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो. म्हणून आम्ही फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं एक ओळ लिहितो. चिकोडीच्या त्या काकांच्या फाइलमध्ये त्या दिवशी मी लिहिलं होतं: "मिड एलएडी, आरएओ ८, क्रेनियल ३८, पूर्ण श्वास. सूचना कानडीत."